ओल्या नाण्याची चव

एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर होते मी, सांगली डेपो. विनातिकीट माणूस मला पाठीमागून, नुसत्या मानेवरून ओळखू यायचा. मान जरा जास्तच सैल सोडतो तो, आणि खिडकीबाहेरचा ऊस पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत राहतो. असे किती पकडले त्याची गणती नाही. आणि माझ्या पोटची पोर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलली, तेव्हा तिनं मला ताकास तूर लागू दिली नाही.

मिरजेच्या दवाखान्यातली गोष्ट. डॉक्टर नाझनीन मुजावर समोर बसलेल्या. माझ्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, पण बोलायला एकदम रोखठोक, म्हणून मला आवडायच्या.

"घरी तुमच्यासोबत कोण राहणार, मावशी?"

"मी राहणार," केतकी म्हणाली. "पुण्याहून रजा काढूनच आलेय."

"तू गरोदर वगैरे नाहीस ना? या उपचारात गरोदर बाई आसपाससुद्धा चालत नाही. म्हणून विचारावं लागतं."

"नाही हो, तसलं काही नाही," केतकी म्हणाली आणि माझ्या पिशवीची चेन लावायला लागली. वैजयंता खराडे हे माझं नाव; डेपोत सगळे म्हणायचे, वैजूताईंच्या नजरेतून माशी सुटत नाही. त्या दिवशी हत्ती गेला.

माझं दुखणं असं होतं. आतड्यातली गाठ कापून काढली होती, पण यकृतात एक राहिली होती. कापायला अडचणीची जागा आणि औषधाला दाद नाही. मग डॉक्टर मुजावरांनी नव्या प्रयोगाबद्दल सांगितलं. गाठीत जिवंत जिवाणू सोडायचे.

"मावशी, गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकड्यावरच्या माणसापर्यंत तुम्ही पोचायचात का?" त्यांनी विचारलं.

"पोचायचे."

"बरं, तुम्ही पोचायचात. दुसरी कुणी पोचली नसती. गाठीचं तसंच आहे. ती इतकी भराभर वाढते की तिच्या मध्यापर्यंत रक्त जातच नाही. रक्त नाही म्हणजे हवा नाही, औषध नाही, शरीराचे पहारेकरीही नाहीत. पण काही जिवाणूंचं हवेवाचून अडत नाही. त्यांना नेमकी तीच जागा पसंत पडते."

जिवाणू आपल्या आतड्यातलाच, साधा. त्याच्यात यांनी फेरफार केलेले. सुईनं रक्तात सोडला की चांगल्या अवयवांतून शरीर त्याला झाडून काढतं. गाठीत मात्र झाडणारं कुणी नाही, तिथं तो तळ ठोकतो. वाढत वाढत गर्दी झाली की त्यातले बरेचसे एकदम फुटतात, आणि फुटताना पोटातलं विष गाठीत ओततात. उरलेले पुन्हा वाढतात, पुन्हा फुटतात. असं करत गाठ आतून पोखरायची.

"आणि ते तुमचं ऐकतात कशावरून?" मी विचारलं.

"ऐकत नाहीत. म्हणून कुलपं घातलीत." एक कुलूप म्हणजे एक गोड पूड. ती माणसाच्या कुठल्याच खाण्यात नसते, आणि ती मिळाली नाही तर जिवाणू उपाशी मरतात. दुसरं कुलूप म्हणजे एक गोळी. ती घेतली की झाडून सगळे खलास. "शिवाय त्यांच्यात आम्ही एक मिणमिणता तांबडा दिवा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "अंधाऱ्या खोलीत आमच्या कॅमेऱ्याला तो अंगातून दिसतो. दिवा बाळगणं त्यांना महाग पडतं, सारखी ताकद खर्च होते. पण तो हवाच. नाहीतर ते कुठं गेलेत हे आम्हाला कळणार कसं?"

हे शेवटचं वाक्य तेव्हा मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.

सुई दिली त्याच संध्याकाळी ताप आला. आधी तळपाय गार पडले, मग दात वाजायला लागले, आणि तोंडात ओल्या नाण्याची चव आली. ती चव मला ओळखीची. आता सगळे कार्ड टेकवून गाडीत चढतात. मी नोकरीला लागले तेव्हा एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात दांडा, आणि सुट्टं नाणं दातात धरलेलं असायचं. अगदी तीच चव. डॉक्टर म्हणाल्या, "ताप म्हणजे पोचपावती. पोचले ते."

आठवडाभरानं घरी सोडलं. ताट-वाटी वेगळी, संडास वेगळा, हात धुवायचे ते रगडून. पूड सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्यायची. तिचा वास जरा करपलेल्या गुळासारखा. मला ते दूध अर्ध्यावर नकोसं व्हायचं. केतकी ग्लास उचलून आत न्यायची आणि नळाचा आवाज यायचा.

एकदा नळाचा आवाज आला नाही म्हणून मी उठून बघितलं. ही ओट्यापाशी उभी राहून माझ्या ग्लासच्या तळाला बोट फिरवून चाटत होती. डोळे मिटलेले होते. लहानपणी खरवसाचं पातेलं चाटायची, तशी.

"अगं ए, कळतं का तुला काही? वेगळं ठेवायला सांगितलंय ना?"

ती दचकली. "चुकून झालं गं. टाकवेना. वास किती छान येतो त्याला."

"छान? मला मळमळतं."

"मला नाही मळमळत," ती म्हणाली आणि ग्लास विसळायला घेतला.

आमच्या घरात अन्न टाकलेलं मला कधी खपलं नाही. शिकवण माझीच, बोलू कुणाला? पण त्यानंतर पुडीचा डबा बघता बघता उतरायला लागला. मी घेत होते त्याच्या दुप्पट पूड जात होती. एकदा स्वयंपाकघरात गेले तर पोरीच्या ओठाच्या कडेला पांढरी रेघ होती आणि ती मला म्हणत होती, "आई, बाहेरून चिंचा आणू का गं?" तिच्या लग्नाला चार वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून पडलेलं. त्या दोन्ही वेळी तिला आंबट-गोड काय काय खावंसं वाटलं होतं ते मला पाठ. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपण आजारी असलो की घरात दुसरं कुणी माणूस आहे हेच विसरायला होतं.

पुढची तपासणी अंधारखोलीत होती. मी टेबलावर आडवी, वर कॅमेरा, बाजूला पडदा. त्यांनी दिवे घालवले. अंधाराची मला भीती वाटते म्हणून केतकीला आत येऊ दिलं होतं. ती माझा हात धरून टेबलाला टेकून उभी राहिली.

पडद्यावर माझं यकृत दिसायला लागलं. म्हणजे यकृत नाही, त्यातला दिवा. निखाऱ्यावर राख चढलेली असते तसा मंद तांबडा. तो फुगायचा, मग मंदावायचा, पुन्हा फुगायचा. वाढ आणि फूट. डॉक्टर मुजावर खुशीत म्हणाल्या, "अर्ध्याहून जास्त गाठ खाल्लीय, मावशी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जगायचं होतं मला. उगाच मोठेपणा कशाला सांगू? मला खूप जगायचं होतं.

तेवढ्यात कॅमेऱ्यावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, अजून एक ठिपका येतोय."

"कुठं? आतड्यात?"

"नाही. टेबलाच्या बाहेर."

पडद्याच्या कडेला चिंचोक्याएवढा तांबडा ठिपका होता. डॉक्टर हळूच म्हणाल्या, "केतकी, जरा डावीकडं सरक." ठिपका डावीकडं सरकला. "आता एक पाऊल मागं." ठिपका मागं गेला. केतकीनं माझा हात सोडून दोन्ही तळवे ओटीपोटावर ठेवले, आणि पडद्यावरचा ठिपका तिच्या बोटांच्या सावलीनं झाकला गेला.

माझ्या मनात पहिलं आलं ते गाठीचं. माझीच गाठ तिच्यात गेली. मी उठून बसले. "हिलाही? डॉक्टर, हिलाही आहे?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "कितवा महिना?" त्यांनी केतकीला विचारलं.

"तिसरा संपायचाय," केतकी म्हणाली.

दिवे लावले तेव्हा तिचा चेहरा मला दिसला, आणि माझा तिला दिसला असेल. ती माझ्याशी बोलायला लागली, डॉक्टरांशी नाही. "तीन महिने भरल्याशिवाय सांगायचं नाही, पोटातलं पोटात ठेवायचं, हे तूच शिकवलंस ना आई? सासूबाईंनीही शपथ घातली होती. आणि सांगितलं असतं तर मला तुझ्याजवळ राहू दिलं नसतं. मग कोण होतं तुला?"

तिचे वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. कुणीच नव्हतं मला. हे तिचं बरोबरच होतं.

डॉक्टर मुजावरांनी खुर्ची ओढून घेतली आणि सगळं सरळ सांगितलं, हातचं न राखता. पहिल्या महिन्यांत बाळाला पोसणारी वार नवी असते, तिथंही हवा कमी पोचते. आणि पोटातलं मूल अर्धं परकं असतं, बापाकडचं. म्हणून आईच्या शरीराचे पहारेकरी तिथं मुद्दाम डोळे मिटतात. "म्हणजे भराभर वाढणारं, हवा कमी असलेलं, पहारा नसलेलं काहीतरी. जिवाणूला गाठ आणि गर्भ यांत फरक करता येत नाही. आम्ही तो त्याला शिकवलाच नव्हता."

"मग गोळी द्या हिला," मी म्हटलं.

"गोळीनं ते सगळे एकदम फुटतील. तुमच्या गाठीत फुटले तर चांगलंच. तिथं फुटले तर..." त्यांनी केतकीच्या पोटाकडं बघितलं. "पूड बंद करून बघू. उपाशी मरतात का बघू. आणि अजून एक सांगते. मूल पोटात असताना जे त्याला भेटतं, त्याला ते आपलंच समजतं. पुढं जन्मभर त्याच्याशी भांडत नाही. जिवाणू बाळापर्यंत पोचले आणि बाळ वाचलं, तर त्यांना तिथून कोण काढणार?" त्यांचा सल्ला होता की पाडून टाकावं. केतकीनं नाही म्हणून मान हलवली. "दोनदा गमावलंय, तिसऱ्यांदा माझ्या हातानं नाही."

घरी येताना मी पुढच्या बाकड्यावर बसले, ती मागच्या. मला राग आला होता, आणि तो कुणाकुणाचा होता ते सांगते. केतकीचा, तिच्या सासूचा, माझा. आणि त्या चिंचोक्याएवढ्या जिवाचाही.

कारण पुढं काय होणार ते मला कळलं होतं. जिवाणू माणसातून माणसात गेले, त्याची चौकशी झाली आणि प्रयोग बंद पडला. आम्हा सगळ्या पेशंटांना गोळ्या दिल्या, अंगातले जिवाणू मारून टाकले. माझ्या शेजारच्या खाटेवर जतचे एक गुरुजी होते. त्यांनी गोळी तळहातावर घेतली आणि मला विचारलं, "खराडेबाई, थांबवलं कशापायी हो? मला तर गुण येत होता." मी म्हटलं, "काय माहीत." पुढची दिवाळी गुरुजींनी बघितली नाही. माझी अर्धी राहिलेली गाठ पावसाळ्यात पुन्हा वाढायला लागली.

केतकीची पूड बंद केली. पहिले काही दिवस ती सैरभैर झाली, रिकामा डबा उघडून वास घ्यायची. ती मागतेय की तिच्या आतलं कुणी मागतंय, हे मी एकदा डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "गरोदर बायका मातीसुद्धा खातात, मावशी." हे काही उत्तर नव्हतं. दिवा मात्र तसाच होता. उपाशी मेले नाहीत ते, पोटात दुसरं काहीतरी खायला शिकले. एक कुलूप तुटलं. आणि ते फुटतही नव्हते. गाठीत गर्दी करणारे तिथं हातपाय आखडून, शहाण्यासारखे राहत होते. डॉक्टर म्हणाल्या, फुटणारे आपोआप मरून जातात. गाठीसारखी दाट गर्दी झाली तरच फुटणारे तेवढे टिकून राहिले असतील.

पाचव्या महिन्यात दिवा मंद झाला. सहाव्यात दिसेनासा झाला.

"मेले," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "किंवा..."

"किंवा काय?"

"काही नाही. मेले, मावशी. आनंद माना."

मुलगी झाली. सहा पौंडांची, काळेभोर जावळ, आणि रडायची तर अशी की डेपोच्या भोंग्यानं लाजावं. महिनाभर दवाखान्यात काचेमागं ठेवली. रोज अंधारखोलीत नेऊन कॅमेऱ्याखाली धरायचे. पडदा काळा कुट्ट. त्यांच्या बाकीच्या चाचण्यासुद्धा दिव्याचीच खूण शोधायच्या. काही सापडलं नाही, म्हणून घरी पाठवलं. "काही वेगळं वाटलं तर मला लगेच फोन करायचा," डॉक्टर मला म्हणाल्या. "आणि आत्ताच सांगून ठेवते, तसं निघालं तर बाळाला दूरच्या बंद कक्षात न्यावं लागेल. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही."

घरी म्हणजे माझ्या घरी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. मी म्हटलं, गाठ वाढतेय तर वाढू दे, नातीला न्हाऊमाखू घालून मग मरते. तिला पायावर घेऊन तेल लावायचे. तिला माझं बोट चोखायची भारी हौस. दात नसलेल्या हिरड्यांनी करकचून धरायची, आणि मीही लाडानं तेच लाळेनं भिजलेलं बोट ओठाला लावून पापी घ्यायचे. कोण आजी असं करत नाही?

एका सकाळी शेगडीपाशी बसले असताना माझे तळपाय गार पडले. मग दात वाजायला लागले. मी पदर तोंडात धरला. आणि तोंडात ओल्या नाण्याची चव आली.

पोचपावती.

कुणी सुई दिली नव्हती मला. पूड तर घरात चिमूटभर नव्हती. मी पायावरच्या बाळाकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत होतं. मला तेव्हा डॉक्टरांचं ते सोडून दिलेलं वाक्य आठवलं. दिवा बाळगणं त्यांना महाग पडतं. मेले नव्हते ते. त्यांनी दिवा टाकून दिला होता.

आता ऐका, मी काय केलं ते. मी काही केलं नाही. ताप दोन दिवसांत उतरला, केतकीला सांगितलं सर्दीचा होता. महिन्यानं सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टर मुजावरांनी दोनदा चष्मा पुसला. गाठ लहान झाली होती. "जिवाणू गेले तरी तुमच्या शरीरानं त्यांच्याकडून लढायचं शिकून घेतलं असेल," त्या म्हणाल्या. इतक्या खूश होत्या की त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी गप्प राहिले. फोन करायला सांगणारं माणूस प्रत्यक्ष समोर होतं आणि माझी जीभ उचलली नाही.

का उचलावी? बाळ गुटगुटीत, केतकी हसतीखेळती, माझी गाठ विरघळतेय. कुणाचं काय वाईट होत होतं? बोलले असते तर केतकीची मांडी रिकामी झाली असती, तिसऱ्यांदा. अळीमिळी गुपचिळी. एकदा पोरगी पोटातलं पोटात ठेवते म्हणून तिच्यावर संतापले होते मी, आणि आता तेच माझ्याही अंगवळणी पडलं. कधी कधी दुपारी बाळ झोपलेलं असताना मी त्याच्या पोटावर कान टेकवायचे. काय ऐकू येणार होतं? तरी टेकवायचे.

तिसऱ्या महिन्यात बारसं ठेवलं. पाळणा मोगऱ्यानं मढवला, घुगऱ्या शिजवल्या. केतकीच्या सासूबाई नलिनीताई इचलकरंजीहून आल्या, सोबत त्यांची मुलगी गौतमी, म्हणजे बाळाची आत्या. तिचं लग्न नुकतंच झालेलं. नाव आत्यानं ठेवायचं असतं. बाळाला उचलून घ्यायचं, गालाला गाल लावून कानाशी तोंड न्यायचं आणि कुर्र करायचं.

बायकांनी घर भरलं. पाळण्याखालून-वरून गोपाळ घ्या, गोविंद घ्या झालं. मी बाळाला पोटाशी धरून उभी होते आणि सवयीनं माणसं न्याहाळत होते. गौतमी समई उचलायला वाकली तर नलिनीताईंनी पटकन तिच्या हातातून घेतली. तळणाचा वास आला तशी गौतमी खिडकीशी गेली. पपईची फोड कुणी पुढं केली तर हसून नको म्हणाली. आणि मग तिनं मान सैल सोडली, आणि बाहेरचा रिक्षाथांबा पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत राहिली.

माझे तळपाय गार पडले. या वेळी तापानं नाही.

"चला आत्याबाई, घ्या बाळाला," कुणीतरी म्हणालं. गौतमी हात पुढं करून आली. तिच्या बांगड्या किणकिणल्या. बाळानं तोंड उघडलं, लाळेचा एक धागा माझ्या मनगटावर पडला.

"गौतमी," मी म्हटलं, "कितवा महिना?"

चारचौघांत, तेही लग्नाला जेमतेम सहा महिने झालेल्या पोरीला असं कुणी विचारत नाही. नलिनीताईंचा चेहरा उतरला. "विहीणबाई, आज हा विषय कशाला?"

"विषय आजचाच आहे. पोरी, मला सांग."

गौतमीनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि गोड हसली. "नाही हो मावशी, तसलं काही नाही."

तेच शब्द होते, केतकीचे. तितक्याच सहज. आणि तिचा डावा हात पदराआड, ओटीपोटावर.

मी केतकीकडं बघितलं. वाटलं होतं तिला काही कळणार नाही, मी वेड लागल्यासारखं का करतेय असं विचारेल. पण ती पाळण्याची दोरी घट्ट धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. तिलाही माहीत होतं. ती बाळाला रोज दूध पाजत होती, माझा ताप आणि लहान होत जाणारी गाठ बघत होती, तिला कळलं नसेल कसं? आम्ही दोघी एका घरात, ताटाला ताट लावून जेवत होतो, आणि दोघींनी एकमेकींना सांगितलं नव्हतं. तिनं मान अगदी थोडी हलवली. नको, आई.

सव्वीस वर्षांत मी कुणाला भर रस्त्यात गाडीतून उतरवलं नव्हतं, कितीही भांडले तरी. आज उतरवावं लागणार होतं. बाळाला मी छातीशी घट्ट आवळलं.

"गौतमी, मागं हो. हिला हात लावायचा नाही. कुणीच लावायचा नाही. ज्यांनी आता मुके घेतले त्यांनी जाऊ नका, थांबा इथंच."

"आई," केतकी म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि पाळण्याच्या कडेला खाली बसली.

मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर नलिनीताईंचा आवाज चढला, कुणीतरी रडायला लागलं. डॉक्टर मुजावरांचा नंबर लावला. माझी गाठ आता पावट्याएवढी उरली होती. पुन्हा गोळी देतील, ती पुन्हा वाढेल, हे मला माहीत होतं. ते जाऊ दे. पण ही काचेमागं जाईल, आणि केतकीला काचेवर हात ठेवून बघावं लागेल, तेही किती वर्षं कुणास ठाऊक. रडू आवरेना मला.

"हॅलो, मावशी? बारसं ना आज?" डॉक्टरांचा आवाज आला. "काय ठेवलं नाव?"

"ठेवलं नाही अजून," मी म्हटलं.

बाळानं माझं बोट शोधून तोंडात घेतलं आणि चोखायला लागलं. मी ते काढून घेतलं नाही. डॉक्टर पलीकडून विचारत होत्या, काय झालं, मावशी, बोला ना. मी डोळे पुसले आणि शेगडीपाशी आलेल्या त्या तापापासून सांगायला सुरुवात केली.